प्रभूची सीट

मंडळी, आज एकच प्रश्न विचारणार आहे, आणि कृपा करून उत्तर लगेच देऊ नका. लगेच उत्तर देणारे मला माहीत आहेत. संडे स्कूलात त्यांनी जो हात वर केला, तो अजून खाली आलेला नाही.

प्रश्न असा. आपण रोज म्हणतो, "ये प्रभू, माझ्या घरात ये, तुझ्यासाठी जागा ठेवली आहे." बरं, जागा ठेवली. पण तो खरंच आला, तर आपल्याला कळेल का? आणि समजा कळलं, तर आवडेल का?

राहू द्या, राहू द्या. आत्ता नको. पेटीवाले, जरा सूर धरा.

देवासाठी जागा । ठेविली राखून ।
माणूस पाहून । लोटे कडी ॥

कोणाची ही गोष्ट? आपल्या नगरकडचंच एक गाव, भोयरगव्हाण. ओढ्याच्या अलीकडे गाव, पलीकडे आपली ख्रिस्ती वस्ती, वस्तीच्या मधोमध प्रभूचं छोटंसं मंदिर. आणि त्या मंदिराचे पंच शांतवनराव मकासरे. सगळी वस्ती त्यांना मामा म्हणायची. पाळकसाहेबसुद्धा मामाच म्हणायचे, आणि पाळकसाहेब वयानं मोठे होते.

मामांची प्रार्थना म्हणजे काय सांगू! उभे राहिले की बायका आधी चुलीवरचं आठवून घ्यायच्या — दूध उतरवलंय का, डाळ करपणार तर नाही. कारण मामा एकदा सुरू झाले की आदामापासून निघायचे आणि सरपंचापर्यंत यायचे. पण आवाज गोड. शब्द कसे मऊ, एकामागून एक. बारसं असो, साखरपुडा असो, नवी मोटार असो, मामांना बोलावणं ठरलेलं. आता तुम्ही म्हणाल, हा ढोंगी असणार. कीर्तनात असा माणूस आला की तो ढोंगीच निघतो, नाही का? थांबा. इतकं सोपं असतं तर मी हे आख्यान लावलंच नसतं.

मामांचा धंदा दुधाचा. वस्तीतलं, गावातलं दूध गोळा करायचं, कॅनमध्ये भरायचं, आणि पहाटे पिकअप काढून तालुक्याच्या डेअरीवर पोचवायचं. एकदा काय झालं, थंडीचे दिवस, मामांना गाडी चालवताना डुलकी लागली. डोळे उघडले तर समोर उसाची ट्रॉली, आणि पिकअप तिच्यापासून हातभर अंतरावर उभी. ब्रेक कोणी दाबला? मामांना आठवेना. त्यांनी तिथंच, रस्त्याच्या कडेला, स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडून घेतलं आणि म्हणाले, "प्रभू, तू शेजारी होतास म्हणून वाचलो. आजपासून ही शेजारची सीट तुझी."

हसू नका. हे खरं होतं. माणूस मनापासून बोलला होता.

घरी आल्यावर मार्थाबाईंनी, म्हणजे मामींनी, क्रोशाचा एक पांढरा रुमाल विणला. तो सीटवर अंथरला. त्या दिवसापासून त्या सीटवर कोणी बसायचं नाही. पहाटे मामा एकटे निघायचे आणि तालुक्यापर्यंत मोठ्यानं प्रभूशी बोलत जायचे. गाडी म्हणजे त्यांची प्रार्थनेची खोली झाली. वस्तीत ती गोष्ट पसरली. बाहेरगावचे पाळक आले की त्यांना दाखवायला न्यायचे — ही बघा, मामांच्या गाडीतली प्रभूची सीट. ते दार उघडून बघायचे, मान हलवायचे, दार हळूच लावायचे.

मामींना मात्र माहेरी जायचं झालं तरी एसटीतच धक्के खात जावं लागायचं. एकदा त्या म्हणाल्या, "अहो, प्रभू लय चांगला आहे बाई. तुमच्या शेजारी बसून इतक्या दिवसांत एक शब्द बोलला नाही. मी बसले असते तर?"

मामा म्हणाले, "म्हणूनच."

बायकांकडची बाजू फारच हसतेय. असू द्या.

आता दुसरं घर बघू. बेंजामिन अल्हाट. मंदिरात भजनाला तबला वाजवायचा. हात सुंदर, पण जीभ त्याहून तेज. पाळकांचा उपदेश लांबला की तबल्याच्या शाईवर बोटानं हळूच टिचकी मारायचा. पाळकसाहेब ओळखायचे, आवरतं घ्यायचे. (आपले तबलजी, बोट खाली ठेवा. मी अजून लांब आहे.)

तर या बेंजामिनच्या किडन्या गेल्या. दर मंगळवारी आणि शुक्रवारी तालुक्याच्या दवाखान्यात मशीनवर रक्त धुवायचं. डायलिसिस. सकाळी सातच्या आत तिथं हजर पाहिजे, नाहीतर नंबर दुसऱ्याला. सुरुवातीला निभावलं. सकाळची एसटी वस्तीच्या दारात यायची. मग ओढ्यावरच्या पुलाचं काम निघालं आणि मोठी गाडी फाट्यापर्यंतच येऊ लागली. छोटी गाडी ओढ्याच्या पात्रातून निघायची, मोठी कशी निघणार? येताना दुपारी शाळेची रिक्षा फाट्यावरून वस्तीत यायची, तिच्यात जागा मिळायची. पण सकाळी इतक्या लवकर काय करायचं? पाय सुजलेले, छातीत धाप. भाच्यानं मोटारसायकलवर मागं बसवून नेलं, तर बेंजामिनला भोवळ आली आणि तो ओढ्यातच पडला. त्यानंतर एक शुक्रवार चुकला. मग एक मंगळवारही चुकला. डॉक्टरांनी केसरबाईला, त्याच्या बायकोला, बाजूला घेऊन सांगितलं, "बाई, असं चुकायला लागलं तर फुप्फुसात पाणी भरेल. मग मला बोलावून उपयोग नाही."

आता केसरबाईनं काय करायचं?

तिनं आपण सगळे करतो तेच केलं. बुधवारच्या प्रार्थनासभेत उभी राहिली. तुम्हाला रीत माहीत आहे — पाळक विचारतात, कोणाची प्रार्थना विनंती? मग एकेक जण उठतो. कोणाच्या मुलाची परीक्षा, कोणाची गाय आटलेली. केसरबाई म्हणाली, "बेंजामिनला सकाळी तालुक्याला जायला प्रभूनं वाहनाची सोय करावी."

पाळकसाहेब म्हणाले, "मामा, तुम्हीच घ्या ही विनंती."

मामांनी डोळे मिटले. आणि काय प्रार्थना केली, मंडळी! "हे दयाघन पित्या, तू आकाशातल्या पाखरांची सोय करतोस. तुझ्याकडे हजारो रथ आहेत, हजारो घोडे आहेत. या तुझ्या लेकरासाठी एक, फक्त एक वाहन पाठव. कोणाचं तरी अंतःकरण हलव, प्रभू!" मामांच्या डोळ्यांतून पाणी आलं. खरं पाणी. अख्ख्या सभेनं आमेन म्हटलं.

आणि मंदिराच्या दारात, पायरीला लागून, काय उभं होतं? पिकअप. समोरच्या काचेवर रंगीत अक्षरात लिहिलेलं: येशू माझा सोबती.

मला या गोष्टीचं कुतूहल वाटतं. मी पुष्कळ विचार केला. माणूस खोटं बोलत नाही, डोळ्यांत पाणी आहे, दर मंगळवारी आणि शुक्रवारी त्याच वेळी त्याच रस्त्यानं जातो, शेजारची जागा मोकळी आहे — आणि त्याला दिसत नाही. कसं दिसत नाही? डोळे मिटलेले होते म्हणून?

असे चार बुधवार गेले असतील. दर बुधवारी केसरबाई उभी राहायची, दर बुधवारी मामा प्रार्थना करायचे. शेवटी एक दिवस ती त्यांच्या गोठ्यावर गेली. मामा कॅन धूत होते.

"मामा, जय ख्रिस्त."

"जय ख्रिस्त, केसर. ये. कसा आहे बेंजामिन?"

"सूज चढलीय. मामा, मी म्हणते, तुम्ही रोज जाताच. मंगळवारी अन् शुक्रवारी त्यांना तेवढं नेता का? तुमच्या शेजारी बसून जातील. गप बसून राहतील."

मामांचा हात कॅनमध्येच थांबला. ती सीट. ती पहाटेची वेळ. ते एकट्यानं बोलणं. दिवसभरात तेवढाच तास त्यांचा स्वतःचा होता, आणि तो त्यांनी देवाला दिला होता. एकदा दिलेली वस्तू परत कशी घ्यायची? शिवाय आजारी माणूस. वाटेत उलटी झाली तर? आज बेंजामिन, उद्या आणखी कोणी. मग ती सीट प्रभूची कशी राहणार? मामांनी मनातल्या मनात सगळं मांडून बघितलं. आपण नाही का मांडत? दान करायच्या आधी माणूस जितका हिशोबी होतो, तितका बाजारातसुद्धा होत नाही.

"केसर," मामा म्हणाले, "तुला माहीत आहे ना, ती सीट कोणाची आहे?"

"माहीत आहे, मामा."

"मग मी कसा शब्द मोडू? पण तू काळजी करू नको. मी प्रार्थनेत ठेवतोय. रोज ठेवतोय. गाडीत बसल्यावर पहिलं नाव बेंजामिनचंच घेतो."

केसरबाईनं पदरानं तोंड पुसलं आणि निघाली. फाटकापाशी गेल्यावर म्हणाली, "कॅनला खाली चीर गेलीय, मामा. दूध गळंल." आणि गेली.

रविवार आला. आराधना सुटली, सगळे पायरीवर. बेंजामिनला भाच्यानं धरून आणलं होतं. पायात स्लीपर, कारण चपलेत पाय जात नव्हता. त्यानं सगळ्यांसमोर हाक मारली.

"मामा, एक विचारू?"

"विचार की."

"पुढची सीट प्रभूची. बरोबर. पण मागं कोण बसतंय?"

"मागं दूध असतं रे."

"मग मी दुधाबरोबर बसतो. मालक पुढं, नोकर मागं. चालंल का?"

लोक हसले. आणि मामा? मामांचा चेहरा उजळला, मंडळी! असं वाटलं त्यांना की देवानंच उत्तर दिलं. शब्दही राहिला, माणसाची सोयही झाली. म्हणाले, "ये ना. मंगळवारी तयार राहा. मी मागं पोतं टाकतो बसायला." पाळकसाहेबांनी मामांच्या पाठीवर हात ठेवला. सगळे म्हणाले, बघा, मामांचं मन किती मोठं. म्हणाले की नाही? तुम्हीसुद्धा म्हणाला असता. मीही म्हटलं असतं.

मामी मात्र घराकडे वळल्या. त्यांनी घरून एक वाकळ आणून बेंजामिनच्या भाच्याच्या हातात दिली.

मंगळवारी उजाडता उजाडता पिकअप निघाली. डिसेंबरची थंडी. पुढं मामा, शेजारी पांढरा रुमाल. मागं उघड्यावर दुधाचे कॅन, आणि दोन कॅनच्या मधे पोत्यावर बेंजामिन, वाकळ डोक्यावरून घेतलेली. केसरबाई खाली उभी होती. ती मुलांचं आवरून नंतरच्या गाडीनं येणार होती. ओढ्यात गाडी आदळली तेव्हा एका कॅनचं झाकण उडालं आणि दूध बेंजामिनच्या पायांवर सांडलं. गाडीत मामांची प्रार्थना सुरू होती. "प्रभू, तुझ्या लेकराला, बेंजामिनला सांभाळ. त्याला आराम दे. त्याला ऊब दे."

फाट्याच्या पुढं तपासणी लागली होती. हवालदारानं हात केला.

"कागद दाखवा. मागं कोण आहे?"

"पेशंट आहे साहेब. तालुक्याला डायलिसिसला चाललाय."

हवालदारानं मागं जाऊन वाकळ बाजूला केली. बेंजामिनचे दात वाजत होते. पायजमा दुधानं भिजून पायाला चिकटलेला. हवालदार पुढं आला, खिडकीतून आत बघितलं, मग पुन्हा मागं बघितलं.

"काका, पुढची सीट रिकामी आहे ना?"

"रिकामी नाही, साहेब."

"कोण आहे?"

मामा काय सांगणार? वस्तीत ही गोष्ट सांगताना त्यांचा आवाज कधी अडखळला नव्हता. "ती... प्रभूसाठी ठेवली आहे, साहेब. आमच्या देवासाठी. मी नवस केलाय."

हवालदार हसला नाही. चेष्टाही केली नाही. कुठल्या तरी खेड्यातला साधा पोरगा असावा तो. त्यानं खरंच विचार केला आणि विचारलं, "मग तुमचा देव काय म्हणतो? ह्या माणसाला मागंच बसवा म्हणतो?"

मंडळी, या प्रश्नाचं उत्तर मामांना बालपणापासून पाठ होतं. शेवटच्या दिवशी राजा उजवीकडच्यांना काय म्हणेल आणि डावीकडच्यांना काय म्हणेल, ते तुम्हालाही पाठ आहे. म्हणून मी पुरतं म्हणत नाही — 'या लहानांतल्या एकाला केलंत, ते मला केलंत', तेच. मामांनी त्या वचनावर स्वतः तीनदा तरी बोध केला होता. पण पाठ असणं आणि ऐकू येणं यांच्यामधे किती अंतर असतं? भोयरगव्हाणपासून फाट्यापर्यंत, एवढं नक्की असतं.

"त्यांना पुढं घ्या," हवालदार म्हणाला. "मालाच्या गाडीत मागं माणूस बसवता येत नाही. नाहीतर पावती करावी लागेल."

आता खरं सांगतो, मामांनी बेंजामिनला पुढं घेतलं ते त्या वचनामुळं की पावतीमुळं, हे मामांनाही पुढं कधी ठरवता आलं नाही. मी विचारलं होतं. म्हणाले, "तेव्हा काही कळलं नाही." प्रामाणिक माणूस आहे. आपणही पुष्कळ चांगली कामं पावतीच्या भीतीनंच करतो, आणि देव तीसुद्धा घेतो. त्याला नखरे नाहीत.

तर बेंजामिन पुढं आला. पण बसेना. म्हणाला, "मामा, मी दुधानं भरलोय. रुमाल काढा आधी."

"बस तसाच."

"मामी रागावतील."

"बस म्हणतो ना."

बसला, पण अगदी कडेला, दाराला चिकटून, जणू मधल्या जागेत खरोखर कोणी बसलंय. गाडी निघाली. मग बेंजामिन म्हणाला, "तुमची प्रार्थना चालू ठेवा. माझ्यामुळं अडू नका."

मामांनी तोंड उघडलं. "हे दयाघन पित्या, तुझ्या लेकराला, बेंजामिनला..." आणि थांबले. ज्याचं नाव घेऊन रोज बोलायचं, तो शेजारी बसून दात वाजवत होता. मामांनी हात लांब करून काच वर केली. क्षणभर गाडी थांबवून अंगातलं स्वेटर काढून त्याच्या मांडीवर टाकलं.

"मामा," बेंजामिन म्हणाला, "इथं बसून प्रभू कधी तुमच्याशी बोलला का?"

मामांनी रस्त्याकडे बघत सांगितलं, "नाही रे. मीच बोलायचो."

"मग आज मी बोललो तर?"

"बोल."

बेंजामिननं स्वेटर पायांभोवती गुंडाळलं. चेष्टा करणारा माणूस खरं बोलायला लागला की त्याला शब्द सापडत नाहीत. मग म्हणाला, "मला मरायची भीती वाटते, मामा. लय भीती वाटते. तुम्ही बुधवारी प्रार्थना करता, सगळे आमेन म्हणतात, आणि मी तिथं तबल्याशी बसून विचार करतो की ही माणसं मला आत्ताच पोचवून आली. केसरला सांगितलेलं नाही. तुम्ही सांगू नका."

इतके बुधवार मामांनी या माणसासाठी प्रार्थना केली होती. आणि त्याला भीती वाटते, हे त्यांना माहीत नव्हतं! विचारलंच कुठं होतं?

काय उत्तर दिलं असेल मामांनी? एवढा बोलका माणूस; एखादं वचन, एखादा दाखला? काही नाही. "नाही सांगत," एवढंच म्हणाले. आणि पुढं खड्ड्यांचा पट्टा लागला, तिथं त्यांनी गाडी इतकी हळू घेतली की मागून येणाऱ्या ट्रकवाल्यानं शिव्या दिल्या. तालुका जवळ आला तेव्हा बेंजामिनला उलटी झाली, सीटवर, रुमालावर, स्वेटरवर. मामांनी गाडी कडेला घेतली, त्याच रुमालानं त्याचं तोंड पुसलं आणि पाण्याची बाटली पुढं केली.

"वाट लावली तुमच्या सीटची," बेंजामिन म्हणाला.

"चूळ भर. सात वाजतील."

पोचले. नंबर मिळाला.

दुसऱ्या दिवशी बुधवार. पाळकसाहेबांनी विचारलं, कोणाची विनंती? सगळ्यांनी केसरबाईकडे बघितलं. ती उठलीच नाही. खाली बसून पदराशी चाळा करत राहिली. मग रेमाआत्या उठली, म्हातारी, एकटी राहणारी. म्हणाली, "माझ्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलंय, बाबा. प्रभूनं माझ्याबरोबर कोणीतरी पाठवावं." आणि बसली.

"मामा, ही विनंती तुम्ही घ्या," पाळकसाहेब म्हणाले. मामा उभे राहिले. सवयीनं सगळ्यांनी डोळे मिटले, माना खाली घातल्या, लांबलचक प्रार्थनेची तयारी करून बसले. पण आवाज येईना. एकेकानं डोळे उघडून बघितलं. मामांचे डोळे उघडेच होते. ते रेमाआत्याकडे बघत होते.

"आत्या," मामा म्हणाले, "कधी जायचंय?"

आत्याला कळेना की हा प्रार्थना करतोय की विचारतोय. "सोमवारी," ती म्हणाली.

"बरं. मी नेतो. मामी दिवसभर तुमच्यापाशी राहील." आणि मामा बसले. आमेन म्हणायचं कोणाला सुचलंच नाही.

तुम्ही आता विचाराल, महाराज, बेंजामिन बरा झाला का? नाही झाला. मी खोटं कशाला सांगू? किडन्या परत आल्या नाहीत. पण मंगळवार आणि शुक्रवार चुकत नाही. तबला वाजवतो, पाय बरे असले की. आणि मामा गाडी बैलगाडीसारखी चालवतात, अशी तक्रार सगळ्या वस्तीत करत फिरतो. मामा आता गाडीत मोठ्यानं प्रार्थना करत नाहीत; करायला सवडच मिळत नाही, शेजारचा माणूस बोलत असतो. मी विचारलं, "मामा, चुकल्यासारखं वाटत नाही?" म्हणाले, "पहिल्यांदा वाटलं. आता उलट प्रश्न पडतो — मी एकटा बोलत होतो तेव्हा तो गाडीत होता, की मागं थंडीत बसला होता?"

मलाही माहीत नाही.

तर मंडळी, आख्यान संपलं. आता आपल्या विनंत्यांची वेळ. कागदाच्या चिठ्ठ्या नकोत आज, पुढ्यात उभं राहून सांगा. पण एक रीत आपण बदलू या, फक्त आजच्यापुरती. कोणी विनंती सांगितली की लगेच डोळे मिटू नका. आधी उघड्या डोळ्यांनी इकडे तिकडे बघा. कोणाची गाडी बाहेर उभी आहे, कोणाच्या घरात एक खोली मोकळी आहे, कोणाला दुपारी दोन तास काही काम नसतं, हे आपल्याला एकमेकांचं चांगलं माहीत असतं. आपल्याइतकं दुसऱ्याच्या घरातलं कोणाला माहीत असतं हो? आणि दुसऱ्याचं बघून झालं की आपल्या स्वतःकडे बघा. त्यातून जे आपल्यापैकी कोणाच्याच हातात नाही असं उरेल, तेवढं आपण सगळे मिळून देवाकडे मागू.

त्या खांबाशी बसलेल्या बाई, तुम्ही मघापासून उठू की नको करताय. उठा. सांगा, काय पाहिजे? आणि बाकीच्यांनी — डोळे उघडे.